टीबी निघावा म्हणून

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पाठीतला एक मणका झिजून खचला होता. जळगावच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. "टीबी असेल, नाहीतर कॅन्सर. तुकडा काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. शिंदखेड्याकडच्या आमच्या गावात टीबी झालेल्याचं ताट वेगळं ठेवत. पण त्या दिवसापासून आई देवाकडे टीबीच मागत होती. मला काहीच मागता येईना. घरातला मी पहिला पदवीधर, आबांनी कापसाचे गठ्ठे वाहून शिकवलेला. डॉक्टरांचं बोलणं आबांना अहिराणीत सांगायचं, एवढंच माझ्याकडून होत होतं.

सीटी स्कॅनच्या टेबलावर आबांना उपडं झोपवलं. सुई थोडी आत घालायची, फोटो काढून टोक कुठे पोचलं ते बघायचं, मग आणखी थोडी पुढे. दर फोटोला श्वास रोखायचा.

"शास रोकीसन मरी जासू ना, डाक्टर," आबा उशीत तोंड ठेवून म्हणाले.

"तेवढ्यानं कोणी मरत नाही, आबा. बोलू नका आता."

शिशाचा जड एप्रन घालून मी भिंतीशी उभा होतो. फोटोत सुई पांढऱ्या रेघेसारखी दिसली. ती आबांच्या अंगात आहे हे कळत होतं. वाटत काहीच नव्हतं.

तुकडा निघाला दोऱ्याएवढा. त्याची बाटली धुळ्याच्या तपासणीवाल्या डॉक्टरांकडे पोचवायला मीच एसटीनं निघालो. शेजारी बसलेल्या अक्कांनी विचारलं, "काय शे भाऊ, इतलं जपी राह्यना?"

"औषध."

"मंग नीट धर. गाडी भलती आदळस."

धुळं येईपर्यंत मी बाटली दोन्ही हातांत धरून बसलो.

काही दिवसांनी रिपोर्ट आला. मणक्याचा टीबी. आई भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. आबांनी विचारलं, "गावमा काय सांगानं?"

"जे शे ते सांगा," आई म्हणाली.

मी गोळ्या आणायला गेलो. दुकानात गर्दी होती. चिठ्ठी पाहून दुकानदारानं आवाज खाली आणला. "कोणाला आहे?"

"वडिलांना. टीबी आहे," मी नेहमीच्या आवाजात म्हणालो.

शेजारचा माणूस थोडा बाजूला सरकला. त्या मोकळ्या जागेतून मी पुढे झालो आणि गोळ्या घेतल्या.