भिंतीला टेकलेला फ्रीज

इला रडली नाही, ही गोष्ट वर्ध्याच्या रामनगरातल्या तिच्या गल्लीत बरेच दिवस बोलली गेली. फेब्रुवारीत तिचा नवरा सुश्रुत गेला. पाटबंधारे खात्यात तो नकाशे काढायचं काम करायचा. सकाळी डबा घेऊन ऑफिसला गेला, दुपारी खुर्चीतच मान टाकली, आणि अंधार पडायच्या आत त्याला घरी आणलं. त्याची बहीण नमिता पुण्याहून यायची होती, म्हणून सकाळपर्यंत थांबले. मूलबाळ नव्हतं. तेरवी झाली, नमिता परत गेली, आणि घरात इला आणि तिची सासू इंदिराबाई अशा दोघी उरल्या.

इला एका कॉलेजच्या लायब्ररीत कामाला आहे. ती पुन्हा कामावर जाऊ लागली. पुस्तकं द्यायची, घ्यायची, येताना भाजी आणायची. घरी दोघी एकमेकींशी वाईट वागत नव्हत्या. कुकर लावू का, गोळी घेतली का, कूलरमध्ये पाणी टाकलं का, एवढंच बोलणं होई. सुश्रुतचं नाव दोघीही घेत नव्हत्या. इला म्हणते की तिला त्या काळात दुःख होत होतं असंही सांगता येत नाही. हात बराच वेळ उशाखाली दबून राहिला की तो आपला वाटत नाही, तसं तिला सगळ्या अंगभर वाटायचं.

एप्रिल लागला आणि दूध नासायला लागलं. सकाळचं दूध तापवून फ्रीजमध्ये ठेवलं तरी दुपारच्या चहाला फाटायचं. दही इतकं आंबट व्हायचं की इंदिराबाई त्यात साखर घालूनही तोंड वेडंवाकडं करायच्या. बर्फ जमेना. भाजीच्या कप्प्यात पाणी साचायचं. फ्रीजची मोटर दिवसभर घुंघुं करत राही, मध्ये बंद म्हणून पडत नव्हती. इलाने हे सगळं पाहिलं होतं. तिने थंडाव्याचं बटण शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलं. त्यानंही काही झालं नाही, तेव्हा ती दूध थोडं थोडं आणू लागली, उरलेली भाजी शेजारी देऊ लागली. फ्रीज म्हणजे आता दिवा असलेलं कपाट झालं होतं. कुणाला दाखवून घ्यावं असं तिच्या मनात आलं नाही, असं नाही. पण मनात आलेली गोष्ट तिथेच राहायची, हातापर्यंत पोचायची नाही.

त्याच सुमारास इंदिराबाईंची साखर वाढली. त्या कित्येक वर्षांपासून इन्सुलिन घेतात. पथ्य तेच, इंजेक्शन तेच, तरी तपासणीत आकडा वरच. तोंड कोरडं पडे, पाय जड होत, बसल्या जागी झोप लागे. डॉक्टरांनी मात्रा वाढवली. फरक पडला नाही. पुन्हा दोघी रिक्षाने दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी खाणंपिणं विचारलं, इंजेक्शन कुठे टोचता ते विचारलं, आणि मग सहज विचारलं, की बाटल्या कुठे ठेवता?

"फ्रीजमध्ये," इंदिराबाई म्हणाल्या.

"फ्रीज नीट थंड करतो ना?"

"नाही," इला म्हणाली. "बरेच दिवस करत नाही."

ती हे इतक्या सरळ आवाजात बोलली की डॉक्टरांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. त्यांनी समजावून सांगितलं, की उन्हाळ्यात असं इन्सुलिन गरम जागी राहिलं तर त्यातला जोर निघून जातो. आत्तापर्यंत या बऱ्याच अंशी पाणीच टोचून घेत होत्या असं समजा. जुन्या बाटल्या टाकून द्या, नवीन घ्या आणि आजच थंड जागी ठेवा. इंदिराबाईंनी इलाकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतंच पाहिलं. रिक्षात दोघी बाहेर बघत बसल्या. आपल्यामुळे म्हातारीच्या जिवावर बेतलं असतं, हे इलाला कळत होतं. कळत होतं, पण जे वाटायला हवं ते वाटत नव्हतं, आणि त्याचीच तिला जरा भीती वाटली.

नव्या बाटल्या तिने शेजारच्या मोहिनीताईंच्या फ्रीजमध्ये ठेवायला दिल्या. मोहिनीताईंनीच कैलासचा नंबर दिला. कैलास केळझरचा, वर्ध्यात फ्रीज-कूलर दुरुस्त करतो. तो रविवारी सकाळी आला.

त्यांच्या घराचं स्वयंपाकघर लहान आहे, त्यामुळे फ्रीज पहिल्यापासून समोरच्या खोलीत. जुना, एका दाराचा, पाठीला काळी जाळी असलेला. कैलासने आधी दार उघडलं. कागदाची एक पट्टी दारात धरून दार लावलं आणि पट्टी ओढून पाहिली. ती घट्ट बसली होती, म्हणजे दाराचं रबर ठीक होतं. मग त्याने फ्रीजच्या अंगाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा लगेच काढून घेतला. प्लग काढला, फ्रीज दोन्ही हातांनी धरून एकेका पायावर सरकवत पुढे ओढला. मागची जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर धुळीचा आणि जळमटांचा जाड थर बसला होता.

"ताई, ह्याले भिंतीले इतकं चिपकवून काऊन ठेवलं?" त्याने विचारलं. "मागच्या जाळीले हवाच नाई लागून राह्यली. आतली गरमी बाहेर पडन कशी?"

इला म्हणाली की फ्रीज आधी असा नव्हता. सुश्रुत दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तो ओढून मागून साफ करायचा आणि परत जागेवर लावायचा. यंदा झालं नाही.

"पण मंग कोपऱ्यात कोणं दाबला?"

"फेब्रुवारीत सरकवला. शेजारच्यांनी. खोलीत जागा करायची होती. माणसं बसणार होती."

इंदिराबाई दिवाणावर बसून होत्या. त्या म्हणाल्या, "माणसं अंगणात बसली होती. जागा त्याला रात्रभर ठेवायला केली होती."

कैलास ब्रश हातात धरून उभा राहिला. त्याला सगळं कळलं नसावं, पण भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे त्याची नजर गेली आणि तो खाली बसून जाळी झाडायला लागला.

झाडता झाडता तो हळू आवाजात सांगत राहिला. आधी प्लग काढायचा, मग मऊ ब्रशनं वरून खाली झाडायचं, जाळी वाकू द्यायची नाही. आत पाठीशी पाणी जायचं एक बारीक भोक असतं, ते कचऱ्यानं बुजलं की पाणी भाजीत उतरतं. ते त्याने प्लॅस्टिकच्या काडीने मोकळं केलं. दाराचं रबर कोमट साबणाच्या पाण्यानं पुसायचं. गरम पातेलं आत ठेवायचं नाही. बटण मध्यावरच ठेवायचं. भिंत आणि जाळी यांच्यात वीतभर जागा सोडायची. मोटर चांगली होती, गॅसही होता. जाताना म्हणाला, "सरकवला हाय न, लगेच चालू नका करजा. थोडं थांबून लावजा."

तो गेल्यावर खोलीत फ्रीजचं सगळं सामान जमिनीवर पडलं होतं. लोणच्याच्या बरण्या, रिकामे बर्फाचे ट्रे, लिंबं. इला फडक्याने एकेक कप्पा पुसत बसली. मोटर बंद होती, त्यामुळे घर फार शांत वाटत होतं. इंदिराबाई दिवाणावरून उतरून तिच्याशेजारी फरशीवर बसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या एरवी खाली बसत नाहीत.

"त्या दिवशी जाताना तुझ्याशी काही बोलला का गं तो?"

इलाने कप्पा खाली ठेवला. "सिलिंडरवाला येईल म्हणाले. वाट बघू नकोस, पावती दारात ठेव म्हणाले."

"बस?"

"बस. आणि डब्यात कारली नको म्हणाले. मी तीच दिली होती."

इंदिराबाईंनी मान हलवली. लहानपणापासून कारल्याचं त्याचं असंच, असं म्हणाल्या, आणि एक ओला कप्पा उचलून पदराने पुसू लागल्या. इला सांगते, की तेव्हाही तिला रडू आलं नाही. सासूच्या हातातला कप्पा घ्यावा, पदर ओला होतोय, एवढंच तिला वाटलं. पण तिने घेतला नाही.

दुपारी फ्रीज लावला. संध्याकाळी दुधाचं पातेलं हाताला गार लागलं. मोहिनीताईंकडून इन्सुलिन परत आणलं, आणि पुढच्या महिन्यात इंदिराबाईंची साखर बरीच खाली आली. मात्राही डॉक्टरांनी पुन्हा कमी केली.

जूनमध्ये नमिता आली. झाल्या प्रकाराची हकीगत तिला फोनवर कळली होती. वहिनीला दोष न देता, पण ठामपणे ती म्हणाली, की आईला मी पुण्याला नेते. वहिनी दिवसभर बाहेर असते, तिचंच तिला सुधरत नाही. नमिताचं चुकतं आहे असं इलाला वाटत नव्हतं.

इंदिराबाई म्हणाल्या, "पुढे बघू. आत्ता मी इथेच राहते. हिच्याजवळ."

नमिताने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. ते ऐकून बरं वाटलं का, असं इलाला विचारलं तर ती माहीत नाही म्हणते. ती तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आत जाऊन तिने तिघींपुरता भात टाकला, आणि नमिताला कोकम आवडतं म्हणून सार केलं.