शेवटच्या पानावरचा पाऊस

माझी पहिली कादंबरी छापून आली, त्याच वर्षीच्या दुष्काळात गेवराईकडचे एक गृहस्थ माझ्या दारात उभे राहिले. गावच्या दूधसंस्थेत माप घालायचे. नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दिलेलं पाणी अर्धं प्यायले आणि उरलेलं आपल्या बाटलीत ओतलं. मग पिशवीतून माझी कादंबरी काढून त्यांनी शेवटचं पान उघडलं.

"ह्यात आमच्या गावात पाऊस पाडलाय तुमी. तहसीलातल्या सायबानं वाचला अन् पाण्याचा टँकर बंद केला."

"अहो, ती कल्पना आहे!"

"आमीबी तेच म्हन्लो. सायेब म्हन्ले, छापलेलं हाय. आता तुमीच लिहून द्या, पाऊस झाला न्हाई म्हनून."

गावाचं खरं नाव मीच वापरलं होतं. त्यांनी आणलेल्या संस्थेच्या कागदावर मी लिहून दिलं की कादंबरीतला पाऊस खोटा आहे. खाली सही केली.

चौथ्या दिवशी टँकर सुरू झाल्याचा त्यांचा फोन आला. ठेवता ठेवता म्हणाले, "पन पाऊस लई चांगला लिवलाय. वाचताना मी उठून अंगणातला कडबा आत घेतलता."