गालावरची जांभळी रेघ

मोशीच्या तानाबाईला कुणी कधी रागीट म्हटलं नव्हतं. पस्तिशीची विधवा बाई. पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर पाट्या उचलायला जायची आणि दिवस मावळला की धाकट्या भावाच्या, दादूच्या, घरी परतायची. पण छप्पन्न सालच्या हिवाळ्यात तिला जो संताप आला, तो तिला जन्मभर पुरला.

कारखान्याच्या विहिरीचं खोदकाम चाललं होतं. खालचा मुरूम वर ओढायला हातानं फिरवायची यारी होती. दांडा उलटा फिरू न देणारी यारीची खीळ झिजली होती, आणि मुकादम रंगरावला बायकांनी ते दोनदा सांगूनही झालं होतं. एका दुपारी भरलेली बादली वर येता येता खीळ निसटली, दांडा उलटा गरगरला आणि तानाबाईच्या डाव्या गालावर बसला.

"सूज हाय, उतरंल," रंगराव म्हणाला. "हळद-चुना लाव."

सूज उतरायला आठ दिवस लागले. उतरली तेव्हा गालच आत बसलेला दिसला, डोळ्याखाली बशीसारखा खड्डा. तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. वरच्या ओठाला भाकरी लागली तरी कळेना. आणि एकाचे दोन दिसायला लागले. चुलीत सारलेलं लाकूड चुलीबाहेर पडायचं, कारण तिनं ते दुसऱ्याच, नसलेल्या चुलीत सारलेलं असायचं.

दादूनं तिला कासारवाडीहून गाडीनं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. हाडाचा फोटो काढला. मोठ्या सर्जननी तो उजेडात धरला आणि भोवतीच्या शिकाऊ डॉक्टरांना सांगितलं, "गालाचं हाड तीन जागी मोडून आत गेलंय. डोळ्याची खोबणही याच हाडावर उभी असते, म्हणून डोळा खाली आलाय. तीन आठवडे उलटले की हाड वाकडंच जुळेल. परवा ऑपरेशनला घ्या." मग त्यांनी काडी जांभळ्या औषधात बुडवून तिच्या गालावर, डोळ्याखाली, चांगली दोन बोटं लांब रेघ ओढली आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

रेघ कशाची, ते तिला वॉर्डातल्या आया छबूबाईंनी सांगितलं.

"तिथं कापायचं, बाई. व्रण राहील, पण हाड बसंल." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "स्पेशल खोलीत एका साहेबाची बायको हाय. टांगा उलटला, हेच हाड मोडलं. तिचं कानाच्या वर, केसांतनं कापलं. आतनं पट्टी सारून हाड उचललं. डास चावल्याएवढी खूण न्हाई तोंडावर."

तानाबाई रात्रभर छताकडे बघत राहिली. सकाळी सर्जन आले तशी ती उठून बसली.

"डॉक्टरसायेब, माझं केसांतनं का न्हाई?"

सर्जन थबकले. खाटेवरून असा सवाल त्यांना बहुधा पहिल्यांदाच आला होता.

"तुझ्या डोळ्याच्या खोबणीची तळबाजूही खचलीये. केसांतून तेवढं भागणार नाही, तोंडातूनही जावं लागेल. गालावरून हाड समोर दिसतं, अर्ध्या तासात काम होतं."

"म्हंजे दुसरी वाट हाय. फकस्त येळ लागतो."

"अगं, तुला काय करायचंय? पदर ओढलास की झाकलं. आणि आता तुझ्याकडे बघणारं आहे कोण?"

तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं, त्यावरून ते बोलले. मागे उभं असलेलं कुणीतरी हसलं.

आजवर मुकादमाचं, भावकीचं, सासरच्यांचं तानाबाईनं खाली मान घालून ऐकलं होतं. आज मान खाली जाईना.

"पदर धरून पाटी उचलता येत न्हाई, सायेब. अन् नवरा मेला तवा माझं तोंड त्याच्यासंगं जाळलं न्हाई. ते माझं हाय. उद्या गालावर ही चीर घेऊन फिरले, तर लोक इचारतील, कुणी मारलं, कुठं भांडलीस? मी कुणाकुणाला यारी दावू?"

तिनं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि सगळ्यांदेखत रेघ पुसायला लागली. रंग जाईना, गाल दुखत होता, तरी ती घासत राहिली.

"मग घरी जा," सर्जन म्हणाले आणि निघून गेले.

ती घरी गेली नाही. खाट काढून घेतली तशी व्हरांड्यातल्या बाकावर बसली. "आक्का, ऐक, हाड जुळून जाईल," दादू रडकुंडीला आला होता. "जुळू दे," ती म्हणाली, पण आतून तिलाही धास्ती होती. ती बोटांवर दिवस मोजत होती.

दुसऱ्या दिवशी सबनीस नावाचे, सर्जनच्या हाताखालचे डॉक्टर बाकापाशी आले.

"सरांना विचारलंय, ते हो म्हणाले. केसांतून आणि तोंडातून, दोन्हीकडून मी करतो. खरं सांगतो बाई, मी हे एकट्यानं कधी केलेलं नाही. मला शिकायचं आहे."

तिला हसावं की रडावं कळेना. साहेबाच्या बायकोला जे मानानं मिळालं, ते तिला कुणाच्या तरी शिकण्यापायी मिळत होतं. "शिका," ती म्हणाली. "पर नीट शिका."

कानाच्या वरचे केस भादरून सबनीसांनी तिथं लहानशी चीर दिली, पोलादी पट्टी गालाच्या हाडाखाली सारली आणि जोर लावला. खट्‌कन आवाज करून हाड वर आलं, असं छबूबाईंनी तिला नंतर सांगितलं. मग वरच्या हिरडीपाशी कापून डोळ्याखालच्या पोकळीत औषधी कापडाची पट्टी ठासून भरली, खचलेल्या हाडाला खालून टेकू म्हणून. पंधरा दिवसांनी ती ओढून काढली तेव्हा तानाबाईनं दवाखाना दणाणून सोडला. पण समोर दादू एकच होता. वर बघितलं तरच अजून दोन दिसायचे.

ती कामावर परतली. रंगरावनं तिच्या गालाकडे निरखून बघितलं.

"कुठं काय झालंय? वरखडासुदिक न्हाई. महिनाभर बरी बसलीस घरी!"

तानाबाईनं डोक्यावरचा पदर मागं टाकला, कानावरचे खुरटे केस बाजूला केले आणि त्याला चीर दाखवली. मग तोंड उघडून हिरडीवरचा टाक्यांचा वण. यारीवरच्या सगळ्या बायका हात थांबवून बघत होत्या. "बगा मुकादम, नीट बगा," ती म्हणाली. रंगराव बघेना, दुसरीकडे तोंड करून विडी शोधायला लागला. खीळ बदलेपर्यंत त्या दिवशी एकाही बाईनं दांड्याला हात लावला नाही.

वरचा ओठ तिचा कायमचा बधिर राहिला. चहा किती गरम ते जिभेला लागल्यावरच कळायचं. दोन वर्षांनी सोबतीण शालनबाई बांधकामाच्या बांबूच्या पायाडावरून पडली आणि तिचा जबडा मोडला, तेव्हा तानाबाईच तिला घेऊन पुण्याला गेली. डॉक्टर खाटेपाशी आले, तसं त्यांनी काही बोलायच्या आधीच तिनं विचारलं, "कुठनं कापणार? अन् दुसरी वाट हाय का, ते आधी सांगा."