मथुरामावशींचं समुद्रमंथन

सेतू बांधल्याची गोष्ट बाई अगदी रंगात येऊन सांगत होत्या. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "ते खरं बाई, पन पूल झाल्यावर मासेमारीच्या होड्या पलीकडं जात कशा व्हत्या?" वर्ग खो खो हसला. मथुरामावशी मात्र उत्तराची वाट बघत उभ्याच.

परळच्या आमच्या संध्याकाळच्या कॉलेजात आम्ही सगळी विशीतली, नोकरी उरकून येणारी. मावशी पंचावन्नच्या. सकाळी लालबागच्या बाजारात मासळी विकायची आणि संध्याकाळी केसांत अबोली माळून वर्गात हजर. सातवीत सुटलेली शाळा त्यांनी पन्नाशीत पुन्हा धरली होती. घरी सगळे त्याला खूळ म्हणत. जिन्याजवळच्या काचेच्या फलकात मुलांचं निवडक लेखन लागायचं, तिथे त्या रोज थांबायच्या. "एकदा ह्या काचेत माझं नाव लागू दे, मंग बघते कोन खूळ म्हनतंय!"

एकदा बाईंनी सांगितलं, जुनी कथा आपापल्या तऱ्हेने सांगा. वर्ग निवडेल ती फलकावर. मी चिऊताईच्या हाती मोबाइल दिला. एकाने सावित्रीला वकील केलं. मावशींनी समुद्रमंथन घेतलं, तेही तोंडी, कारण लिहिताना त्यांचा हात आखडायचा.

"देव नि दानव दर्यात उतरले, पन दर्याला कोनी इचारलं? मासळी गाबोळीला आलेली, पोटात अंडी, पुनवेचा नारल दिलेला नाय, तसेच घुसले रवी घेऊन. मंग पयलं इषच येनार ना! शंकरानं ते घेतलं घशात. तवा पार्वती बोलली, अवो, आधी नारल द्या. नारल दिला नि लक्ष्मी वर आली."

टाळ्या थांबेनात. निवड झालीच. कथा लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं आणि मी शहाणपणा केला. पुराणात कुठे नारळ आहे, म्हणून तो काढून टाकला. मावशींना वाचून दाखवलं.

"पोरी, नारल कुठं गेला?"

"मावशी, मूळ कथेत तो नाही ना."

"मंग ही माझी गोष्ट नाय. नको लावू."

त्या संध्याकाळी त्या फलकापाशी न थांबता निघून गेल्या. मला फार लाज वाटली. एवढी हौस, आणि मी तिलाच कात्री लावली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नारळ घेऊन बाजारात गेले. म्हटलं, "मावशी, मीही न विचारताच उतरले."

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारणीचं गिऱ्हाईक दचकलं. "मी काय दर्या हाय? आन हिकडं, वाटनाला व्हईल."

संध्याकाळी नारळासकट गोष्ट काचेत लागली, वर मावशींचं पूर्ण नाव. शनिवारी त्या सुनेला घेऊन आल्या. "नाव लिवलंय, पन लिवून दिलं कोनी?" असं तोंड करून सून वाचत होती. नारळापाशी आली आणि फिस्सकन हसली.

"आई, ही तुमचीच, घरीबी तुमचं आधी नारलच," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने वाचू लागली.