अर्धा तास न थांबता

गाडीच्या डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा मी चार वेळा विझवला आणि चारही वेळा गाडी दुरुस्त केली असं समजून चहा ठेवला. साठीनंतर माणूस शहाणा होतो म्हणणाऱ्यानं मला पाहिलेलं नसावं.

मी पशुसंवर्धन खात्यात होतो. पदवीचा डॉक्टर नव्हे; लस टोचणारा, खुरं तपासणारा. पण जिंतूरकडच्या वाड्यावस्त्यांवरचे मेंढपाळ डॉक्टर म्हणायचे आणि मीही ते कधी खोडून काढलं नाही. रिटायर झाल्यावर वालूरला घर बांधलं, डिझेलची गाडी घेतली. बायको म्हणाली, आता मेंढरं सोडून जगात दुसरं काय असतं ते दाखवा. दीड वर्ष आम्ही हिंडलो. तिचा एकच हट्ट होता, पट्टा लावायचा नाही. "गळ्यात दावं बांधल्यागत वाटतं," म्हणायची. मग तिच्या बाजूचा पट्टा मोकळा म्हणून गाडी टुंग टुंग करत राहायची, मी गाडीपेक्षा मोठ्यानं ओरडायचो, आणि ती खिडकीतून गावांच्या पाट्या वाचत बसायची.

ती गेली त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून गाडी डेअरीपर्यंत जाते आणि आठवड्याच्या बाजाराला जाते, बस्स. अर्धा लिटर दुधासाठी गाडी काढायची काही गरज नाही, हे मलाही कळतं. पण पायी गेलं की पारावरचे लोक थांबवून विचारतात, "जेवलात का?" त्या विचारण्यात कीव असते. मला कीव सहन होत नाही. काच वर करून पुढं गेलेलं बरं वाटतं.

दिवा लागला तेव्हा मी काडेपेटीएवढं एक यंत्र मागवलं. स्टेअरिंगच्या खाली एक खाच असते, तिथं ते खोचायचं, की गाडीचा संगणक काय म्हणतो ते मोबाइलवर उमटतं. उमटलं ते असं: पी २४६३. खाली इंग्रजीत एक ओळ आणि त्याखाली कोड पुसायचं बटण. मी बटण दाबलं. दिवा गेला. आठ-दहा दिवसांनी परत आला. परत दाबलं.

नांदेडची मुलगी रोज फोन करते. दिवा पाचव्यांदा लागल्याचं तिला कळलं तेव्हा ती वैतागली. "बाबा, कशाला ठेवलीय ती गाडी? रविवारी हे येतील आणि घेऊन जातील. विकून टाकू. आणि तुम्हीही इकडे या आता." मी म्हटलं, रविवारपर्यंत दिवा गेला नाही तर खुशाल न्या. फोन ठेवला आणि मला भीती वाटली. मुलीचं घर चौथ्या मजल्यावर आहे. तिथं मी लिफ्टनं खाली येणार आणि लिफ्टनं वर जाणार. आणि इथं गाडीविना राहिलो तर मी उंबऱ्याबाहेर पडणारच नाही, हे मला स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं.

शुक्रवारी फाट्यावरच्या गॅरेजला गेलो. मेकॅनिक माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर. त्यानं माझा मोबाइल घेतला आणि बटणाच्याही खाली बोट सरकवलं. तिथं मी कधी गेलोच नव्हतो. कोडाबरोबर गाडी त्या घटकेची हकिकतही लिहून ठेवते म्हणे. वेग अठरा. इंजिन सुरू होऊन मिनिटं चार. इंजिन अजून गारच.

"हे सगळं पुसत गेलात व्हय दर बारीला?" त्यानं विचारलं.

मग त्यानं समजावलं. डिझेलच्या धुराची काजळी सायलेन्सरच्या वाटेवर एका जाळीत अडकते. गाडी लांबवर, तापून पळाली की ती काजळी आपली आपण जाळते. जवळच्या जवळ फिरवली की जाळायला सुरुवात करते न करते तोच आपण चावी काढतो.

"गाडीला काय बी झालं न्हाई, डॉक्टर. तुमी तिला कुठं नेईनात, इतकंच हाय."

मला त्याचा राग आला, मग स्वतःचा. ताप उतरायची सुई टोचून मेंढरू बाजारात उभं करणाऱ्यांना मी जन्मभर शिव्या घातल्या. ताप ही खूण आहे, आजार वेगळाच असतो, आधी जनावराकडं बघा, असं ओरडत फिरलो. आणि इथं माझंच, आजार रेड्याला आणि औषध पखालीला. वेग अठरा, मिनिटं चार. दोन वर्षांतला माझा कुठलाही दिवस काढून बघा, हेच निघेल.

उपाय सोपा होता. चौथा गिअर, काटा साठच्या खाली येऊ द्यायचा नाही, अर्धा तास. "मधी थांबायचं न्हाई बरं का. थांबलात की पुन्हा पयल्यापासून."

"पण जाऊ कुठं?" मी विचारलं.

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. "कुठं बी जावा की!"

घरी येऊन चावी हातात घेऊन बसलो. ज्या ज्या घरी जाता आलं असतं तिथं बायकोविषयी बोलावं लागलं असतं. शेवटी शनिवारी सकाळी जिंतूरचा रस्ता धरला. नोकरीत रोजचा होता, निदान खड्डे तरी ओळखीचे.

मोबाइलवर वेळ लावली होती. दोन्ही अंगाला सोयाबीन, रस्ता बऱ्यापैकी मोकळा. एकोणिसाव्या मिनिटाला पुढं बाभळीखाली एका म्हाताऱ्यानं हात केला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी लांबूनच ओळखला. त्याच्या वाड्यातली मेंढरं मी वीस वर्षं टोचली, त्याच्या पालावर भाकरी खाल्ली. नोकरीत असताना रस्त्यावर हात करणाऱ्याला टाकून मी कधी गेलो नाही. त्या दिवशी गेलो. आरशात त्याचा हात बराच वेळ वर दिसत होता. शरमेनं माझे कान तापले. "थांबता येत नाही गं," असं मी मोठ्यानं बोललो, शेजारच्या रिकाम्या सीटला.

जिंतूर जवळ आलं आणि दिवा गेला. आवाज नाही, काही नाही. होता आणि नाही. मी सवयीनं डावीकडं बघितलं, सांगायला. मग गाडी बाजूला घेतली, मुलीला फोन लावला. तिनं उचलला नाही, कामात असेल. इतकी चांगली बातमी आणि सांगायला माणूस नाही, याचं मला रडू आलं. डोळे पुसले आणि गाडी मागं वळवली.

तो तिथंच होता. एसटी आली नव्हती.

"डॉक्टरसाब, मघाशी तुमीच गेलात नव्हं? मला वाटलं वळखलं न्हाई."

"ओळखलं होतं, मामा. थांबता येत नव्हतं."

त्यानं का म्हणून विचारलं नाही. "पर मला जिंतूरलाच जायचंय. तुमी तर माघारी निघालात."

"मी पण जिंतूरलाच निघालोय. बसा."

काठी गुडघ्यांत धरून तो पुढच्या सीटवर बसला. मी गाडी परत वळवली. जरा वेग घेतला तोच टुंग टुंग सुरू झालं. दोन वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

म्हातारा दचकून सीटवरून अर्धवट उठला. "माझ्याकडून काय दाबलं गेलं का? काय मनायलीय गाडी?"

"शेजारी कुणीतरी बसलंय म्हणते," मी म्हणालो. गाडी कडेला घेऊन त्याचा पट्टा ओढून दिला, पण तो लावायला मला जरा वेळ लागला.