ट्रॉयच्या बादलीतली बिअर

चार जुने मित्र जमले आणि कुणी बिअरचा कॅन उघडला, की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. "सांग रे, ती बादलीवाली!" आयुष्यात बिअर केली एकदाच, तीही एक बादली. पण किस्से इतके साठलेत, की आधी कुठला सांगावा कळत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मिशिगनमधल्या ट्रॉयला आम्ही तिघे रूममेट. मी पुण्याचा, सद्या दादरचा आणि मिलिंद मेश्राम नागपूरचा. तिघेही गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. लग्न कुणाचंच नाही, बाहेर ढोपरभर बर्फ, वीकएंडला करायचं काय? सद्याने कुठेतरी वाचलं, घरी बिअर करता येते. झालं! शनिवारी दुकानात हजर.

दुकानदार पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता. त्याने बादली दिली, माल्टचं सिरप दिलं, यीस्टची पुडी दिली आणि शेवटी काचेची एक लांब नळी काढली. हायड्रोमीटर! म्हणाला, यीस्ट घालण्याआधी ही नळी तरंगवा आणि आकडा लिहून ठेवा. साखरेची दारू झाली, की नळी आणखी खाली बुडेल. तेव्हा परत आकडा घ्या. दोन आकड्यांमधल्या फरकावरून किती टक्के अल्कोहोल झालं ते कळेल.

सद्या मला मराठीत म्हणाला, "यार, ह्याला सांग, टक्के आम्ही पिऊन सांगतो!"

*

घरी सगळं उकळलं, गार केलं आणि पहिला आकडा घ्यायची वेळ आली. नळी उभी राहील एवढं उंच भांडं घरात एकच, माझ्या आईने दिलेला स्टीलचा लांबुळका डबा. त्यात द्रव ओतला, नळी सोडली. मस्त तरंगली!

मिलिंद डोळे बारीक करून बघत राहिला. "अरे, पण आकडा कुठून वाचायचा?"

डबा स्टीलचा! आरपार दिसणार कसं? तीन इंजिनियर, पाच मिनिटं डब्याभोवती फिरले.

शेवटी नळी थेट बादलीतच सोडली. मी वाचलं १०४०. सद्याने वाचलं १०४४. मिलिंद गुडघ्यावर बसला, टॉर्च मारला आणि म्हणाला, "अ‍ॅव्हरेज काढू."

१०४२! आमचं सायन्स!

*

हा आकडा मी हाताशी आला त्या कागदाच्या मागे लिहिला आणि फ्रिजवर चिकटवला. गुरुवारी बघतो तर कागद गायब.

"सद्या, इथला कागद कुठाय?"

"तो? पिझ्झाचं कूपन होतं ते. काल वापरलं ना! दोनवर एक फ्री!"

मिलिंद डोकं धरून बसला. पहिला आकडा गेला म्हणजे सगळं गेलं. आणि आकडा १०४२ होता का १०२४, यावर तिघांत तीन मतं! शेवटी मी पिझ्झाच्या दुकानात फोन लावला. फोनवर एक बाई होत्या. त्यांना म्हटलं, काल आमच्याकडून आलेल्या कूपनच्या मागे काय लिहिलंय, जरा बघता का?

बाईंनी खरोखर गठ्ठा उपसला. दहा मिनिटांनी म्हणाल्या, "वन झिरो फोर टू." मग आवाज एकदम खाली आणून, "हनी, डिड यू विन समथिंग?"

*

त्याच आठवड्यात सद्याला ताप भरला. खालच्या मजल्यावरच्या देशपांडे काकूंना कळलं, तशा त्या मुगाची खिचडी घेऊन वर आल्या. फार प्रेमळ बाई! पण त्यांना कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या महाराष्ट्र मंडळाला कळायची. त्यामुळे बादलीवर आम्ही घाईघाईने चादर टाकली.

नळी झाकायची राहिली.

काकूंनी टेबलावरची नळी उचलली. "बाई बाई, केवढा हा थर्मामीटर! अमेरिकेत सगळंच मोठं!" आणि घातली की सद्याच्या काखेत!

खरं सांगितलं तर बादली बाहेर. सद्या बिचारा काखेत वीतभर काच धरून, डोळे मिटून पडला. दोन मिनिटांनी काकूंनी नळी काढली, चष्मा वर केला, परत खाली केला.

"एक हजार?"

मिलिंद पटकन म्हणाला, "काकू, इथे फॅरनहाइटमध्ये असतं."

"तरीच!" काकू म्हणाल्या आणि खिचडीत आणखी एक चमचा तूप घातलं.

*

आणि मग आले मिलिंदचे बाबा.

मुलाचं बिऱ्हाड बघायला नागपूरहून दीड महिन्यासाठी आलेले. उंच, शिस्तीचे. रोज सकाळी वंदना, पंचशील. आयुष्यात थेंबाला स्पर्श नाही. सरकारी नोकरीतून रिटायर झालेत, एवढंच मला आणि सद्याला माहीत होतं. बादली बाल्कनीच्या दाराशी, चादरीखाली. मिलिंदची झोप उडालेली.

शनिवारी देशपांडे काका त्यांना म्युझियम दाखवायला घेऊन गेले. आम्ही लगेच चादर काढली! सद्याला धीर नव्हता. आम्ही आकडा घ्यायची तयारी करतोय तोवर त्याने तीन ग्लास रिचवले. दुसऱ्या ग्लासानंतर तो इंग्लिश बोलायला लागला. तिसऱ्यानंतर गालिच्यावर बसून, सोफ्याचा पाय घट्ट धरून रडायला लागला. "यार, मला मॅनेजरला सॉरी म्हणायचंय!"

"मस्त चढलीये!" मी म्हटलं. तेवढ्यात दार उघडलं. बर्फामुळे म्युझियम बंद होतं!

बाबा एकटेच दारात. मिलिंदच्या हातात नळी.

"मिलिंद, काय करून राहिला रे?"

बाबांनी शांतपणे हातमोजे काढले, जवळ आले, नळी घेतली आणि उजेडात धरली.

"धुतलेली आहे?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी फुलदाणीतली प्लॅस्टिकची फुलं काढली. काचेची उभी फुलदाणी विसळली, बिअरने भरली, नळी सोडून अलगद गिरकी दिली आणि डोळे पातळीला आणले. मिलिंद माझ्या कानात पुटपुटला, "बाबा एक्साइजच्या लॅबमध्ये दारू तपासायचे. बत्तीस वर्षं."

"आत्ता सांगतोस?"

"एक हजार अडतीस," बाबा म्हणाले. "सुरुवातीला किती होतं?"

"बेचाळीस," मी म्हटलं.

बाबांनी खिशातून पेन काढलं, तळहातावर हिशेब केला. मग बादलीला हात लावून पाहिला. "दाराशी ठेवली थंडीत. यीस्ट झोपलं. अर्धा टक्का! याहून जास्त तर शिळ्या ताकात निघते. केस होत नाही. सुटलात."

मिलिंदने इतका मोठा श्वास सोडला, की काका-काकूंना खाली ऐकू गेला असेल.

बाबांनी पेन खिशात ठेवलं. मग त्यांची नजर गालिच्याकडे गेली. सोफ्याचा पाय धरून सद्या अजून हुंदके देत होता.

"मग याला काय होऊन राहिलं?"