चार नंबरचा वारा

कोकणात गाडीला हिटर कशाला, हा प्रश्न मला मालवणच्या एका गॅरेजवाल्याने तोंडावर विचारला. "आमी हंय उकाड्यान मरतव आणि तुका हिटर होयो?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. मला हसू आलं नाही. माझ्या गाडीत आठवड्यातून दोनदा डायलिसिस करून येणारे वडील बसत. मशीनवरून उठले की त्यांना भर उकाड्यातही हुडहुडी भरे. त्यांना जराशी ऊब हवी होती, आणि आमच्या गाडीचा पंखा एक, दोन, तीनवर ढिम्म. चारवर मात्र असा सुटायचा की हिटर लावला तर तोंड भाजे, एसी लावला तर अंग गारठे. बंद ठेवावा तर पावसात काच धुरकटून समोरची म्हैस दिसत नसे.

तोंडवलीच्या घरून कुडाळच्या डायलिसिसला आणि परत. अख्खा पावसाळा आम्ही त्या घरघरीत गेलो-आलो. वाटेत बाबा कधीतरी हात वर करून काहीतरी बोलायचे. त्यातलं मला एवढंच ऐकू यायचं, "पुरे झाला रे." मी "होय, होय" म्हणून पंखा बंद करायचो. काच धुरकटली की पुन्हा चालू.

गॅरेजवाल्याने सगळी तपासणी उभ्या उभ्या केली आणि अख्खा पंखाच बदलूया म्हणाला. बाबांना सांगितलं तर ते उखडले. जन्मभर होडीची इंजिनं उघडून परत बसवलेला माणूस. "चारावर चलता मा? मगे मोटार बरी आसा. वेग कमी करणारो पार्ट गेलो आसतलो." शरीर निम्मं उरलं होतं, पण डोकं शाबूत होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मीच लोकांना सांगत सुटलो की त्यांना हल्ली काही कळत नाही.

त्या पार्टला रेझिस्टर म्हणतात. मी कुडाळहून नवा आणला आणि रविवारी सकाळी गाडी घरासमोरच्या खळ्यात उभी केली. मोबाइलवर व्हिडिओ लावला, बॅटरीची तार सोडवली, डाव्या सीटसमोरचा कप्पा काढला आणि मान वाकडी करून आत शिरलो. दोनच स्क्रू. एक लगेच निघाला, दुसरा गंजून बसलेला. मी दातओठ खाऊन पिळत होतो. बाबा खुर्ची टाकून बघत होते. "जोर करू नको. तेल सोड आणि वायच गप रव." तेल सोडलं, गप राहिलो, स्क्रू निघाला. जुना पार्ट बाबांच्या हातात दिला. तार तुटलेली, पिना हिरव्या पडलेल्या. "खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान," ते म्हणाले.

नवा बसवला. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक वेग वेगळा. मी तीनतीनदा बटण फिरवून बघितलं. शेजारची काकू कुंपणापलीकडून म्हणाली, "झील आसावो तर असो." मुलगा असावा तर असा, हे ऐकून मी किती फुगलो होतो ते आठवलं की आज माझी मलाच किळस येते.

मंगळवारी निघालो. हिटर मंद, पंखा एकवर. गाडीत इतकी शांतता की वायपरचा आवाज ऐकू येत होता. चौके मागे पडलं आणि बाबांनी हात वर केला. "पुरे झाला रे."

"बाबानू, आता खंय वारो? एकावर आसा."

"मी वाऱ्याचा बोलूक नाय." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "ह्या मशीनवर जावचा पुरे झाला. माका आता घराकडेच रवाचा आसा. पावसाभर तुका ह्याच सांगतंय. तू दरखेपेक होय म्हणतंस आणि परत गाडी काढतंस."

घरी राहायचं म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं आणि मलाही. फार तर दोन आठवडे. ऐकू येत नव्हतं हे खरं, पण गाडी बाजूला घेऊन "काय म्हणता?" एवढं विचारायला मला कुणी अडवलं होतं? ज्याला ऐकायचं असतं तो गाडी थांबवतो. मी पावसाळाभर थांबलो नव्हतो, आणि पंख्याच्या नावाने बोटं मोडत होतो.

ते माझ्याकडे बघत होते. "काय ता बोल, झिला."

हो म्हणायची माझी छाती नव्हती. नाही म्हणायचं तोंडही नव्हतं. मी हात पुढे केला आणि बटण चारवर फिरवलं.

"काच धुरकटता," मी ओरडून म्हणालो. काच लख्ख होती.